तेरा खांबांचा भोपळा

त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात सावळटेकच्या निंबाच्या विहिरीवर रोज सकाळी जे गाणं चालायचं, ते असं:

झिंगर भोपया, तेरा खांब,
मांजरना मामा, जरासा थांब,
कावयाना सासरी गुयनी नाव,
होऽऽऽ
डुगु डुगु डुगु, लंकानं गाव.

भोपळ्याला तेरा खांब कशाला, कावळ्याचं सासर कुठल्या गावी, आणि गुळाची नाव पाण्यात घातली तर ती किती वेळ नाव राहणार, हे निंबाला कुणी विचारलं नव्हतं. निंबाने स्वतःलाही विचारलं नव्हतं. गाणं बैलांसाठी होतं आणि बैलांनी कधी शंका काढली नव्हती.

बैलांची नावं बुध्या आणि खंड्या. थोरला भाऊ सुकदेव वेगळा निघाला तेव्हा वाटणीत त्याने चांगली जोडी आपल्याकडे ठेवली आणि ही निंबाकडे ढकलली. जोडी अंगाने दणकट होती, पण एक खोड होती. मोटेला जुंपली की विहिरीपासून उतरत जाणाऱ्या धावेवरून पुढं झकास जायची, भरलेली चामड्याची मोट वर यायची, काठावरच्या थारोळ्यात भदाभदा पाणी पडायचं, आणि मग पाठीमागं यायची वेळ आली की दोघं जागच्या जागी उभे. कासरा ओढा, शेपटी पिळा, हात जोडा, काही नाही. दुसऱ्यांचे बैल नुसत्या चुचकारण्यावर माघारी येतात. हे दोघं क्षितिजाकडं बघत रवंथ करायचे.

एक दिवस निंबाने वैतागून भजन म्हणायला सुरुवात केली. भजन संपता संपता बैल आपोआप मागं सरकले. निंबाला आनंद झाला, पण भजन लांब होतं. ते संपेपर्यंत बैल पुढंच चालत राहायचे आणि मोट वर चाकाला जाऊन धडकायची. म्हणून त्याने भजनाचे शब्द कमी केले, मग चाल तीच ठेवून तोंडात येईल ते भरलं, आणि महिनाभर छाटत-जोडत गाणं विहिरीच्या मापाचं केलं. एका ओळीत आठ पावलं. तीन ओळींत मोट वर. ‘हो’ म्हटलं की थांबायचं, तेवढ्यात पाणी पडतं. ‘डुगु डुगु’ म्हटलं की मागं.

त्याची बायको ताईबाई भाकरी घेऊन आली की ऐकायची.

"आनि लंकाले कोनी जावाले सांगं?" तिने एकदा विचारलं.

"बैल मांगे जातस ना? मंग जाऊ दे लंकाले."

तेवढ्यावर विषय संपला होता.

आता या पाण्यावर काय होतं ते सांगितलं पाहिजे. सावळटेकला सगळे कपाशी आणि ज्वारी करायचे. निंबाने रावेरकडून केळीचे कंद आणून तीनशे केळी लावल्या. गाव हसलं. सुकदेव सगळ्यांत जास्त हसला. "आठे केय? आरे निंबा, आठे बाभूय बी पानी मांगस!" आणि पारावर चार माणसांत म्हणाला, "जर का हाई केय पिकनी, ते मी तुना बांधवर इसन तुनं ते डुगु डुगु म्हनसू. बठ्ठा गावदेखता!"

केळी त्या वैशाखात निसवल्या. लाल कमळं बाहेर पडली, फण्या दिसू लागल्या. आता दर चौथ्या दिवशी पाणी मिळालं तर घड भरणार, न मिळालं तर झाडं माना टाकणार. निंबा रोज पहाटे एकेक घडाखाली उभा राहून वर बघायचा. ताईबाई म्हणायची, "इतलं लगीनमा मना तोंडकडे बी नही पाहं."

इथवर ठीक होतं. मग कौतिक बुवांनी गाणं ऐकलं.

बुवा मारुतीच्या देवळात संध्याकाळी निरूपण करायचे आणि सकाळी तांब्या घेऊन नदीकडं जायचे. वाट निंबाच्या बांधावरून होती. एक दिवस ते तांब्यासकट थांबले. गाणं सहा वेळा ऐकलं. नदीला न जाताच परत फिरले, यावरून त्यांना ते किती लागलं असेल ते समजावं.

संध्याकाळी देवळात बुवा म्हणाले, "आपल्या गावात एक थोर पुरुष मोट हाकतो आहे आणि आपण आंधळे! भोपळा म्हणजे काय? देह. आत पोकळ, वर गुळगुळीत. तेरा खांब कोणते? मोजा. पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, मन, बुद्धी, अहंकार."

लोकांनी बोटांवर मोजलं. बरोबर तेरा.

"मांजर कोण? वाघाची मावशी. मग मांजरीचा मामा हा वाघापेक्षा दोन पिढ्यांनी मोठा. असा वाघाहून मोठा कोण? काळ! त्याला हा निंबा सांगतो, जरासा थांब. केवढं धाडस! कावळ्याचं सासर म्हणजे पितरांचा लोक. आणि तिथं जायला नाव कसली? गुळाची. म्हणजे गोड नामाची."

भिकुबाई म्हातारी पुढंच बसली होती. ती म्हणाली, "बुवा, गुयनी नाव ते पानीमा इरगयी जाई ना?"

"विरघळते!" बुवा ओरडले. "तीच तर खूण! विरघळला तो पार झाला!"

भिकुबाईने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी बांधावर पंधरा माणसं. तिसऱ्या दिवशी चाळीस. बुध्या-खंड्याला हळदकुंकू लागलं. कुणीतरी थारोळ्यात नारळ सोडला, तो पाटाने वाहत केळीत गेला आणि पाटाचं तोंड बुजवून बसला. निंबा लोकांना हात जोडून म्हणायचा, "आरे बाबासहोन, हाई बैलसनं गानं शे." लोक एकमेकांकडं बघून मान हलवायचे. किती नम्र माणूस.

ही गर्दी शालिग्राम मास्तरांना सोसली नाही. मास्तर लोकल बोर्डाच्या शाळेत शिकवायचे आणि गावात अर्थ लावायचं काम आजवर त्यांच्याकडं होतं. तार आली की तेच वाचायचे, औषधाच्या बाटलीवरचं लेबलही तेच. पारावर बसून त्यांनी हलक्या आवाजात खरा अर्थ सांगितला. "देह कसला? भोपळा म्हणजे साम्राज्य. फुगलेलं. तेरा खांब? अकरा इलाखे, एक व्हाइसरॉय आणि एक विलायतेतला मंत्री. मांजर कोण? घाऱ्या डोळ्यांचे ते. कावळे म्हणजे काळे डगले घालणारे वकील. आणि गुळाची नाव? उघड आहे. मीठ म्हणता येत नव्हतं, म्हणून गूळ म्हटलं."

"आनि लंका?" कुणीतरी विचारलं.

"चारी बाजूंनी समुद्र असलेलं बेट," मास्तर म्हणाले आणि तपकीर ओढली. "आता मी काय बोलू?"

बोलू नये हे त्यांना कळत होतं, पण लिहू नये हे सुचलं नाही. धुळ्याच्या एका साप्ताहिकात त्यांनी 'खानदेशातील एक मोटगीत' म्हणून लेख धाडला. त्यात गाणं पूर्ण दिलं आणि अर्थ अजिबात दिला नाही. शेवटी एवढंच लिहिलं: ‘भोपळा म्हणजे कोण, हे सुज्ञांस सांगणे न लगे.’

आदल्या वर्षी ठिकठिकाणी तारा तुटल्या होत्या आणि सरकारी माणसं पानाच्या ठेल्यावरही दोन अर्थ शोधत होती. वरच्या कचेरीत तो लेख वाचला गेला. तिथं सगळेच सुज्ञ होते, पण भोपळा कोण ते एकालाही सांगता येईना. त्यामुळे त्यांना फारच भीती वाटली.

लीलाधर फौजदार तीन दिवसांनी घोड्यावरून सावळटेकला आले. बरोबर जीवराम हवालदार, पायी. फौजदार वाईट माणूस नव्हता. गोल, घामट, आणि कामात चोख. विहिरीवर बाज टाकून ते बसले.

"गाणं म्हण."

निंबाने म्हटलं. जीवरामने वहीत उतरवून घेतलं.

"पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं. फौजदारांचा बूट चालीवर हलत होता, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"आता खरं बोल. भोपळा कोण?"

"भोपया शे साहेब."

"कुठला?"

"वेलवरना."

"त्याला तेरा खांब?"

"वजन ऱ्हास ना साहेब."

फौजदारांनी घाम पुसला. "हे गाणं तुला कुणी शिकवलं?"

निंबाने विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "बैलसनी."

"नावं सांग."

"बुध्या आनि खंड्या."

"लिहा, जीवराम. साथीदार बुध्या आणि खंड्या." फौजदार पुढं वाकले. "फरार आहेत?"

"नही साहेब. तुमना मांगे उभा शेतस."

फौजदार उडी मारून वळले. खंड्याने त्यांच्या कानाशी उच्छ्वास टाकला.

हुकूम तिथल्या तिथं लिहिला गेला. वरून खुलासा येईपर्यंत सावळटेकच्या हद्दीत कोणाही रहिवाशाने सदर गाणं म्हणू नये, गुणगुणू नये, शिट्टीत वाजवू नये. लक्ष ठेवायला जीवराम गावातच राहील.

"खुलासा कवय ई साहेब?" निंबाने विचारलं.

"महिना-दोन महिने."

निंबाने केळीकडं पाहिलं. पाण्याचा चौथा दिवस दोनच दिवसांवर होता.

त्या दिवशी त्याने बैल जुंपले. आवाज न करता पुढं घातले. बैल दोन पावलं गेले आणि थांबून मागं बघू लागले. जणू विचारत होते, भोपळा कुठं आहे? निंबाने भजन म्हटलं, बैलांना ते आता आठवत नव्हतं. ताईबाईने लग्नातलं गाणं म्हटलं, बैल बसले. निंबाने जीवरामला विचारलं, "शब्द नही म्हनत, नुसती चाल म्हनू का?" जीवराम भला माणूस. त्याने हुकूम काढून पुन्हा वाचला आणि म्हणाला, "गुणगुणू नये असं आहे, आबा. पण मोठ्यानं आ आ करण्याबद्दल काही नाही. विचारून घेतो." त्याने ठाण्याला चिठ्ठी लिहिली. उत्तर आलं की तो मुद्दाही वर पाठवला आहे.

हुकमानंतर पाचव्या दिवशी ताईबाईने आणि निंबाने घागरी घेतल्या. तीनशे केळी आणि दोन घागरी. जीवराम सावलीत बसून दोघांना बघत होता, थोड्या वेळाने त्याने पट्टा काढून ठेवला आणि तिसरी घागर घेतली. संध्याकाळपर्यंत चाळीस झाडं भिजली. उरलेल्या झाडांची पानं कडेने पिवळी पडून मध्ये मिटली होती. एक केळ घडासकट वाकली होती, निंबाने तिला बांबूचा टेका दिला आणि बराच वेळ तो बांबू धरून उभा राहिला.

सुकदेव बांधावर आला. "मना बैल लई जाय," तो म्हणाला. "फक्त पारवर चाल आनि सांग, केय लावाना मना इचार चुकना."

"बैल ऱ्हाऊ दे, भाऊ."

"मंग सुकू दे."

"सुकू दे."

सुकदेव गेला. पण कोपऱ्यावर जाऊन त्याने वाकलेल्या केळीकडं एकदा वळून पाहिलं, हे ताईबाईने बघितलं.

तिने रात्रीची भाकरी थापली नाही. ती उठली आणि मास्तरांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. "मास्तर, अर्थ तुम्ही काढा, आते पानी बी तुम्हीच काढा."

हवालदार गावात आल्यापासून मास्तर पारावर फिरकले नव्हते. "ताईबाई, मी... मी दुसरं गाणं करून देतो. असं, की ज्यात सरकारला एकही शंका येणार नाही."

"बैलसले यी का शंका?"

"बैलांचं मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. या सगळ्या प्रकरणात कुणीतरी बोललेलं हे पहिलं शहाणं वाक्य होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही.

मास्तरांनी रात्रभर बसून गाणं रचलं. तेव्हा सरकार अधिक धान्य पिकवा म्हणून पत्रकं वाटत होतं. मास्तरांनी पत्रकच चालीत बसवलं:

उठा शेतकरी, पिकवा धान्य,
करा सरकारी सूचना मान्य,
खत हे घाला, वेचा कीड,
बांधबंदिस्तीची धरा चीड,
सारा भरावा वेळेवरती,
राजा-प्रजेची वाढो प्रीती,
होऽऽऽ
मागे मागे या, बैल हो, मागे.

'चीड' यमकासाठी आली होती. बांधबंदिस्तीची चीड धरल्याने काय साधेल हे मास्तरांनाही सांगता येईना, पण फौजदारांनी दोनदा वाचूनही त्यात काही आक्षेपार्ह सापडलं नाही. त्यांनी सही केली आणि प्रयोग स्वतः बघायला सातव्या दिवशी सकाळी आले. गाव लोटलं होतं. बुवा, मास्तर, भिकुबाई, लांबवर पाठ करून उभा असलेला सुकदेव, सगळे.

धावेच्या टोकापासून थोडं पुढं एक कडुनिंब होता. विहिरीवर तेवढीच सावली. जीवरामने साहेबांची खुर्ची झाडाच्या बुंध्याला टेकवून, तोंड विहिरीकडं करून मांडली.

"साहेब, तठे नका बठू," निंबा म्हणाला.

"का?"

"हाई गानं लांब शे."

"मला घाई नाही," फौजदार म्हणाले आणि बसले. मांडीवर त्यांनी पंचनाम्याची वही ठेवली.

निंबाने केळीकडं एकदा पाहिलं, कासरा धरला आणि सुरू केलं. चाल तीच होती. बुध्या-खंड्याचे कान उभे राहिले. सात दिवसांनी गाणं आलं होतं! दोघं झपाझपा निघाले. पिकवा धान्य, सूचना मान्य, खत घाला. तीन ओळी झाल्या. मोट वर आली, थारोळ्यात धबाधबा पाणी पडलं, आणि लोकांनी "वा!" म्हटलं.

बैल ‘हो’ची वाट बघत होते. ‘हो’ आला नाही. बांधबंदिस्ती आली.

बैल शिस्तीचे. जोवर ओळी येत आहेत तोवर चालायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ते पुढं निघाले. मोटेचा नाडा ताणला, चाक करकरलं, रिकामी मोट चाकावरून उडी मारून थारोळ्यात आपटली आणि ओल्या कुत्र्यासारखी बैलांच्या मागून फरफटत यायला लागली. निंबा कासरा ओढत होता, पण गाणं कसं थांबवावं ते त्याला कळेना. साहेबांची सही पूर्ण गाण्यावर होती. "सारा भरावा वेळेवरती," तो ओरडला.

"थांबव!" फौजदार ओरडले. उठायला त्यांनी खुर्चीचे हात धरले.

"राजा-प्रजेची वाढो प्रीतीऽ," निंबा म्हणाला, आणि बुध्या खुर्चीच्या डाव्या बाजूला आला, खंड्या उजव्या. मधलं जू साहेबांच्या पोटाशी येऊन टेकलं. मागं कडुनिंब, पुढं जू, दोन्ही कानांशी एकेक बैल.

"होऽऽऽ," निंबा म्हणाला. बैल थांबले.

"मागे मागे या, बैल हो, मागे!"

बैल हलले नाहीत. हे शब्द त्यांच्या ओळखीचे नव्हते. निंबाने पुन्हा म्हटलं. मास्तरांनी स्वतः पुढं येऊन शुद्ध उच्चारांत म्हटलं. बुध्याने साहेबांच्या मांडीवरची वही हुंगली, पहिलं पान उचललं आणि शांतपणे चावायला लागला.

"पुरावा!" जीवराम किंचाळला.

"पुरावा मरू दे! मला सोडवा!" फौजदारांचा आवाज जुवाखालून निघत होता.

"साहेब, जुनी ओय म्हनू का? एकच. लगेच मांगे जातीन."

फौजदारांनी मान वळवायचा प्रयत्न केला. समोर दोनशे माणसं उभी होती. "नाही! माझ्यादेखत? मी बंदी घातलेलं गाणं? खबरदार!"

"मंग जूना सिवया काढस." निंबाने वाकून जुवाच्या खिळ्या चाचपल्या. "नही जमत साहेब. तुमनं पोट मझार शे."

भिकुबाई कळवळून म्हणाली, "आरे, कोनी तरी म्हना रे, बिचारा लाल व्हई गया."

"कोणी म्हणायचं नाही!" फौजदार गुदमरत म्हणाले.

मग जीवराम हवालदाराने खिशातला हुकूम काढला, उलगडला आणि बोटाने ओळ धरून वाचला. "साहेब," तो म्हणाला, "हुकमात 'रहिवाशाने' असं आहे. मी रहिवासी नाही."

"मग बघतोस काय?"

जीवरामने अंग सावरलं आणि पंचनामा वाचावा तशा आवाजात म्हणाला, "डुगु, डुगु, डुगु, लंकानं गाव." बैलांनी डोळेही हलवले नाहीत. त्याने आणखी एकदा वाचून दाखवलं, या वेळी खाली तारीखही म्हटली. खंड्याने साहेबांच्या टोपीला जीभ लावली.

आणि तेव्हा कडुनिंबाखालून आवाज आला. आधी बारीक, मग मोकळा. लीलाधर फौजदार डोळे मिटून गात होते. "डुगुऽ डुगुऽ डुगुऽ, लंकाऽनं गाव..." चाल अगदी बरोबर, ‘लंका’वरचा तो छोटा हेलकावासुद्धा. आठवडाभर घरात, आंघोळीत, घोड्यावर, ठाण्यात फायली बघताना जे डोक्यातून जात नव्हतं ते सगळं बाहेर आलं.

बुध्या-खंड्या तत्काळ मागं सरकले. एकेक पाऊल, ऐटीत, मान डोलवत. थेट विहिरीपर्यंत गेले आणि पुढच्या ओळीची वाट बघत उभे राहिले.

कुणी हसलं नाही. हसायचं सगळ्यांनी नंतरच्या दहा वर्षांसाठी राखून ठेवलं. फौजदार उठले, टोपी झटकली, पोट चाचपलं. त्यांनी बैलांकडं पाहिलं. मग धावेकडं, मग विहिरीकडं. पावलं टाकत ते निंबापर्यंत चालत आले.

"एवढंच आहे होय रे?"

"एवढंच शे साहेब."

"आणि तेरा खांब?"

"बारा बी चालतीन साहेब. बैल मोजत नहीत."

फौजदारांनी केळीच्या पिवळ्या पानांकडं बघितलं आणि जीवरामकडून हुकमाचा कागद मागून घेतला. खाली पेन्सिलने लिहिलं: ‘बैलांसमोर म्हणण्यास हरकत नाही.’ सही केली. मोट चाकावर परत चढवायला जीवराम आणि आणखी दोघं लागले. आणखी दोघांपैकी एक सुकदेव होता.

मग भोपया आला, तेरा खांब आले, आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत पाट खळाळत राहिला. दोन दिवसांनी मिटलेली पानं उघडली. अकरा केळी गेल्या. बाकीच्या उभ्या राहिल्या.

फौजदारांनी वर अहवाल धाडला: ‘गाण्याचा अर्थ स्वतः तपासला. पहिल्या तीन ओळी, चाला. चौथी, थांबा. पाचवी, माघारी फिरा. अन्य अर्थ नाही.’ वरून तातडीचं पत्र आलं: कोणी चालावे, कोठे थांबावे, कोणी माघारी फिरावे? फौजदारांनी उत्तर दिलं: बैलांनी. त्यावर विचारणा आली की सदर इसमांची पूर्ण नावं, वडिलांची नावं आणि धंदा कळवावा. फौजदारांनी ते पत्र फायलीत ठेवलं आणि फाईल कपाटाच्या मागं पडू दिली.

आश्विनात पहिले घड उतरले. निंबाने पहिली फणी मारुतीला ठेवली, दुसरी ठाण्यावर जीवरामला धाडली. तिसरी घेऊन तो सुकदेवकडं जाणार होता, तेवढ्यात सुकदेवच बांधावर आला. पागोटं नवं बांधलेलं, चेहरा फाशी जाणाऱ्याचा. मागं निम्मं गाव.

"बोलना व्हतू ते करस," तो म्हणाला. त्याने कासरा घेतला, खाकरला आणि डोळे बैलांच्या शेपटीवर लावून गाणं म्हटलं. पुरं म्हटलं. बैल गेले, थांबले, माघारी आले. लोकांनी टाळ्या दिल्या. भिकुबाई म्हणाली, "सुकदेवना आवाज निंबापेक्षा गोड शे."

गर्दी पांगल्यावरही सुकदेव गेला नाही. निंबाने दिलेलं केळ सोलून त्याने निम्मं खाल्लं. "गोड शे," तो नाखुशीने म्हणाला. मग हळू आवाजात, "मना विहीरवर बी म्हनी पाहं मी. चोरीसन. औंदा मी बी दोनशे कंद लावसू म्हनस. पन बैल अर्धामाच थांबी जातस. मोट वर येतच नही."

निंबा हसला नाही. त्याने डोळ्यांनीच माप घेतलं. "तुनी विहीर मनापेक्षा खोल शे, भाऊ. एक ओय वाढावनी पडी." त्याने इकडं तिकडं पाहिलं. पायाशी मुंग्या केळीच्या सालीकडं निघाल्या होत्या. "हां. 'मुंगीनी टोपी, उंटले ल्हान.' तिसरी ओय झायनी की हाई म्हन, मंग हो."

"मुंगीनी टोपी, उंटले ल्हान," सुकदेव पुटपुटला आणि बांधावर पावलं मोजत चालून पाहू लागला.

कौतिक बुवा तांब्या घेऊन नदीकडं चालले होते. ते थांबले. पलीकडच्या बांधावर शालिग्राम मास्तर होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, जरा विचार केला आणि परत खिशात ठेवली. बुवांनी मात्र तांब्या खाली ठेवला.

"निंबा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता एक खरं सांग. उंट म्हणजे काय रे?"

"आठ पावलं, बुवा."

बुवांनी डोळे मिटले.

"आठ," ते म्हणाले. "अष्टधा प्रकृती!" आणि नदीला न जाता देवळाकडं परत फिरले.